दुसरा कप्पा

माझ्या पाठीवरच्या रंगीत झोळीत बाळ नसतं.
लामाचं शेण जाळून चाळलेली राख असते, पायलीभर,
आणि प्लास्टिकचं एक बूड, मधोमध भिंत घातलेलं:
पुढचं पुढे जाऊ दे, मागचं मागे.
एवढंच शिकवत मी टिटिकाकाच्या काठाकाठानं
अकरा वस्त्या चालते.

लोक हसतात. हसू द्यावं.
हसून झाल्यावर जे विचारतात, ते खरं विचारतात.
पुरुषांनीही बसायचं?
हो, डॉन सेवेरिनो, बसायचं.
गुडघे दुखतात? मग तर बसाच.
पाणी?
थेंबभरसुद्धा नाही.
वास?
दर खेपेला ओंजळभर राख.
जत्रेहून झिंगत आलात, तरी ओंजळभर राख.

पहिल्या वर्षी कुणी आत बटाट्याचं बियाणं साठवलं,
कुणी बाहेरून कुलूप घातलं, पाहुण्यांसाठी.
एका घरी कोंबडी अंड्यांवर बसली होती.
कोंबडी तरी नीट बसली,
असं मी अहवालात लिहिलं. कार्यालयात कुणी हसलं नाही.

एक कप्पा भरला की तोंड लिंपायचं,
ओल्या मातीत तारीख कोरायची,
मग दुसरा वापरायचा.
पुस्तिका म्हणते बारा महिने. इथली रात्र दगड तडकवते,
म्हणून मी चौदा सांगते.
उघडताना पहिला हात माझा, मोजा न घालता.
सगळे श्वास धरून बघतात.
मूठ उघडते: काळी, भुसभुशीत, बटाटा उपटल्यावर येतो तो वास.
कधी आलुबुखाराची बी. एकदा सदऱ्याचं बटण.
एकदा चमचा, त्यावरून सासूसुनेत
तीन वर्षं अबोला होता.

इलारियाच्या घरी मात्र
लिंपण वीस महिन्यांचं झालंय.
तारीख रुपेर्तोनं बोटानं लिहिलेली, सात उलटा.
लिंपून त्यानं थापी धुतली, भिंतीला टेकवली,
आणि आठ दिवसांनी छातीत धरलं.
दवाखान्यात आणखी सात दिवस.

"उघडू या का?" मी विचारलं.
तिनं मला आधी चहा दिला.
मग म्हणाली,
"यात त्याचं अख्खं वर्ष आहे, पोरी.
लेकीच्या लग्नातलं डुक्कर आहे,
त्या मोसमातले पहिले बटाटे आहेत,
माझ्या हातचं खारट सूपसुद्धा, न कुरकुरता प्यायलेलं.
कबरीत काय आहे?
सात दिवस नळीवर ठेवलेला उपाशी माणूस.
इथे तो पोटभर जेवलेला आहे."

माझ्या पुस्तिकेत माशांवर उपाय आहे.
नळी गोठली तर काय, उतार कमी पडला तर काय,
पोरांनी आत दगड टाकले तर काय.
मी पानं उलटत राहिले, उगाच.

तिचा चालू कप्पा भरत आलाय, हेही मला दिसत होतं.
शेजारीण म्हणते, हल्ली ती परसाकडे लेकीच्या घरी जाते,
टेकडी उतरून, अर्धा तास,
वाऱ्यात घागरा धरून.
इकडे भरू नये म्हणून.
इकडे भरलं तर तिकडचं उघडावं लागेल.

आणि पेरणी पंधरा दिवसांवर.
तिचे मागच्या खेपेचे बटाटे लिमलेटच्या गोळीएवढे.
मी ते बोलले. बोलायला नको होतं.
ती म्हणाली, "एकटीला पुरतात."

लिंपणावर टिचकी मारली मी.
आत खाली बसलेल्या, पिकलेल्या मातीचा पोकळ आवाज आला,
तो मला झोपेतही कळतो.
वहीत रकाना होता: उघडला किंवा नाही, कारण.
मी लिहिलं,
अजून ओलं आहे. पुढच्या फेरीत पाहावे.

तिनं चष्मा लावला,
वही हातातून घेऊन वाचली,
परत दिली.
मग चुलीपाशी बसून राख चाळायला लागली,
माझी झोळी रिकामी होती म्हणून.